मक्याची कण्हेरी आणि पांढरे सोने : पेलाग्रा नावाच्या व्याधीचा इतिहास

१/
१९१६ सालचा एप्रिल महिना. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील स्पार्टनबर्ग येथे दोन सरकारी डॉक्टरांनी एका रुग्णाचे रक्त काढून ते एकमेकांना टोचले. रुग्णांच्या नाकाघशातील स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन स्वतःच्या नाकाघशात लावला. पुढे रुग्णांच्या त्वचेची सालपटे, लघवी आणि विष्ठा पिठात कालवून त्यांच्या गोळ्याही गिळल्या. त्या काळी दक्षिणेत हजारो माणसे ज्या रोगाने दगावत होती तो संसर्गजन्य नाही, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. रोगाचे नाव पेलाग्रा. डॉक्टरांची नावे जोसेफ गोल्डबर्गर आणि जॉर्ज व्हीलर.

२/
आज वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात पेलाग्राला चार ओळी पुरतात : नायसिन, म्हणजेच ब-३ जीवनसत्त्व, यांच्या अभावाने होणारा रोग, उपाय, नायसिनच्या गोळ्या. परंतु या चार ओळींपर्यंत पोहोचायला दोनशे वर्षे लागली, आणि त्या वाटेवर एक प्रश्न सतत आडवा येत राहिला : हा रोग शरीराचा की मजुरीचा? त्या प्रश्नाचा हा इतिहास. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

#इतिहास #धागा

३/
आधी रोगाची ओळख. वसंत ऋतूत ऊन तापू लागले की रुग्णाचे हात, पाय, चेहरा आणि मान भाजल्यासारखी लाल होतात. मग कातडी काळवंडते, जाड होते, सोलून निघते. चट्टे शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखेच उमटतात आणि मानेभोवती तर माळ घातल्यासारखा पट्टा दिसतो. जीभ लाल होऊन सुजते, हगवण लागते. पुढे झोप उडते, मन खिन्न होते, भ्रम होऊ लागतात आणि बुद्धी पार ढासळते. उपचार न मिळाल्यास शेवट मृत्यूत होतो. त्वचा, आतडी, मेंदू आणि मरण अशा या रोगाच्या चार पायऱ्या.

४/
या रोगाचे पहिले नीट वर्णन स्पेनमधले. उत्तरेकडील अस्तुरियास प्रांतात ओव्हिएदो येथे गास्पार कासाल नावाचे वैद्य होते. १७३५ च्या सुमारास त्यांनी तिथल्या गरीब शेतकऱ्यांत एक रोग पाहिला. तांबड्या चट्ट्यांमुळे स्थानिक लोक त्याला ‘गुलाबाचा रोग’ म्हणत. कासाल यांनी रुग्णांच्या ताटाकडे लक्ष दिले. हे लोक मुख्यतः मका खातात, मांस त्यांना क्वचित मिळते, हे त्यांनी नोंदवून ठेवले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७६२ मध्ये प्रसिद्ध झाला. मानेवरच्या त्या पट्ट्याला आजही ‘कासालची माळ’ म्हणतात.

५/
१७७१ मध्ये मिलानच्या फ्रान्सेस्को फ्रापोल्ली यांनी इटलीतील शेतकऱ्यांच्या बोलीतले नाव ग्रंथात आणले : पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी. उत्तर इटलीच्या सुपीक खोऱ्यात तेव्हा मक्याने गरिबांचे ताट व्यापले होते. एकराला उतारा भरघोस, त्यामुळे जमीनदाराला मका सोयीचा. गहू विकायला आणि मका खायला, अशी वाटणी झाली. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिला ते पोलेंता म्हणतात, हेच कुळांचे सकाळ-संध्याकाळचे अन्न बनले. १८८१ च्या पाहणीत इटलीत या रोगाचे सुमारे १ लाख रुग्ण आढळले.

६/
इथे एक कोडे उभे राहते. मका मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिको आणि ग्वातेमालाचे लोक कोलंबसाच्या कितीतरी आधीपासून मका खाऊन जगत होते, पण त्यांच्यात पेलाग्रा नव्हता. मग तोच दाणा समुद्र ओलांडून युरोपात आला तेव्हा रोग कुठून उपजला?

७/
उत्तर तिथल्या चुलीपाशी आहे. मेक्सिकोतील बायका मका थेट दळत नसत. चुन्याच्या पाण्यात किंवा राखेच्या पाण्यात तो शिजवायचा, रात्रभर तसाच मुरू द्यायचा, सकाळी धुऊन सालपट काढायचे आणि मग पाट्यावर वाटायचा. त्या वाटणाच्या भाकरी म्हणजे तोर्तिया. या प्रक्रियेला नाहुआत्ल भाषेतील शब्दावरून निक्सतमल म्हणतात आणि तिच्या खुणा सुमारे तीन हजार वर्षे मागे जातात.

८/
या चुन्याने काय साधते ते विसाव्या शतकात उलगडले. मक्यात नायसिन असते, पण ते कर्बोदकांशी असे जखडलेले असते की आपल्या आतड्यांना ते सोडवून घेता येत नाही. चुन्यासारख्या अल्कलीत शिजवले की ती गाठ सुटते. शिवाय मेक्सिकोच्या जेवणात मक्याच्या जोडीला घेवडा असे, भोपळा असे, मिरची असे. स्पॅनिश जहाजांनी मक्याचे दाणे युरोपात नेले, परंतु ते शिजवण्याची रीत मागे राहिली. जिला कृती ठाऊक होती त्या बाईला कोणी विचारले नाही.

९/
युरोपात कारणांचा शोध लागला तो भलत्याच दिशेने. इटलीचे नामांकित वैद्य चेझारे लोम्ब्रोझो यांनी ठरवले की बुरशी लागलेल्या मक्यातील विष हे पेलाग्राचे मूळ. इटलीच्या सरकारने नासक्या मक्याविरुद्ध पावले उचलली. फ्रान्समध्ये तेओफिल रुसेल यांनी मात्र निराळा आग्रह धरला : शेतकऱ्याची स्थिती सुधारा, त्याच्या ताटात मक्याखेरीज आणखी काही येऊ द्या. नैर्ऋत्य फ्रान्समधून रोग पुढे ओसरला. पण हा धडा अटलांटिकपलीकडे पोहोचला नाही.

१०/
अमेरिकेने पेलाग्राला ओळखले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. अलाबामा राज्यातील माउंट व्हर्नन येथे कृष्णवर्णीय मनोरुग्णांसाठी इस्पितळ होते. १९०६ मध्ये तिथे ८८ रुग्णांना हा रोग जडला. त्यांपैकी ५७ मरण पावले. डॉ. जॉर्ज सर्सी यांनी त्याचा अहवाल १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिकांपैकी एकीलाही रोग झाला नव्हता, हेही त्यांनी नोंदले. मग दक्षिणेच्या राज्याराज्यांतून बातम्या येऊ लागल्या : अनाथालये, तुरुंग, वेड्यांची इस्पितळे, सूतगिरण्यांच्या वसाहती.

११/
दक्षिणेतच का? कारण तिथे कापसाचे राज्य होते. यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन जुन्याच मालकांकडे राहिली. काळी आणि गरीब गोरी कुटुंबे बटाईने शेत करू लागली. मालक आणि उधारीवर माल देणारा दुकानदार दोघांनाही रोख पीक हवे, म्हणून कापूस अगदी दारापर्यंत लावायचा. भाजीच्या वाफ्याला जागा नाही, गाईला चारा नाही. पांढऱ्या सोन्याच्या त्या प्रदेशात सोने पिकवणाऱ्यांच्या घरी दूध नव्हते.

१२/
मग खायचे काय? दुकानातून उधारीवर मिळे ते. मक्याचे पीठ किंवा भरडा, डुकराची खारवलेली चरबी, आणि काकवी. भरड्याची कण्हेरी, पिठाचा पाव, वर काकवीची धार. पोट भरत होते, उष्मांकही मिळत होते. त्यातच नव्या यंत्रगिरण्या आल्या. मका टिकावा म्हणून त्या दाण्याचा अंकुर काढून टाकत, आणि त्याबरोबर पोषकद्रव्येही जात. हिवाळा संपता संपता शरीराचा साठा आटे आणि वसंतातल्या पहिल्या कडक उन्हात कातडी सोलू लागे.

१३/
दरम्यान, रोगाच्या कारणांवर मते पुष्कळ होती. लुई सॅम्बन यांनी एका चावऱ्या माशीवर बोट ठेवले होते. १९१२ मध्ये स्पार्टनबर्ग येथे आलेल्या थॉम्प्सन-मॅकफॅडन आयोगाने घरोघर पाहणी करून रोग संसर्गजन्य असावा असा निष्कर्ष काढला. सांडपाण्याची सोय नसलेल्या वस्त्यांवर त्यांची नजर होती. चार्ल्स डेव्हनपोर्ट यांच्यासारखे सुप्रजननवादी तर हीन रक्ताकडे बोट दाखवत होते. जंतू, माशी किंवा रक्त, यांपैकी काहीही दोषी ठरले तरी मजुरीचा दर तेवढा निर्दोष सुटत होता.

१४/
१९१४ मध्ये सर्जन जनरल रूपर्ट ब्लू यांनी ही कामगिरी जोसेफ गोल्डबर्गर यांच्यावर सोपवली. हे १८७४ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत, आजच्या स्लोव्हाकियातील एका खेड्यात, ज्यू कुटुंबात जन्मलेले. आईवडिलांबरोबर लहानपणीच न्यूयॉर्कला आले. सरकारी आरोग्यसेवेत साथींच्या मागे फिरताना पीतज्वर, डेंगी आणि टायफस असे तीन रोग त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले होते. संसर्ग कसा वागतो हे त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक होते.

१५/
दक्षिणेतील संस्था पाहत हिंडताना सर्सी यांनी नोंदलेलीच गोष्ट त्यांना ठिकठिकाणी दिसली. रुग्ण पेलाग्राने मरतात, पण त्यांच्यासोबत त्याच छताखाली राहणारे परिचारक, स्वयंपाकी, पहारेकरी ठणठणीत असतात. जंतू माणसाचा हुद्दा पाहून चावत नाही. मग फरक कशात? गोल्डबर्गर स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या दालनात जाऊन बसले. दोघांचे अन्न एकाच कोठारातून येई, परंतु मांस-दुधाचा चांगला वाटा कर्मचाऱ्यांच्या ताटात जाई.

१६/
मिसिसिपीतील जॅक्सन शहराच्या दोन अनाथालयांत तर कोड्याचे उत्तर वयातच लिहिलेले होते. रोग मुख्यतः ६ ते १२ वर्षांच्या मुलांना होत होता. त्याहून लहान पोरांना दूध मिळे. मोठी मुले कामाला जुंपलेली, म्हणून त्यांना मांस दिले जाई. मधल्यांच्या वाट्याला मका आणि काकवी. ना तान्ही, ना कामाची; म्हणून ती आजारी.

१७/
१९१४ च्या शरद ऋतूत गोल्डबर्गर यांनी सरकारी पैशातून आहार बदलला. दूध, अंडी, मांस, घेवडा-वाटाणा वाढवले. मका कमी केला. स्वच्छतेत, गर्दीत, निजण्याच्या व्यवस्थेत काहीही बदल केला नाही. त्या वर्षी दोन्ही अनाथालयांत मिळून २०० हून अधिक मुले रोगी होती. पुढच्या वसंतात रोग फक्त एका मुलात उलटला आणि नवा रुग्ण एकही नाही. जॉर्जियातील मिलेजव्हिलच्या मनोरुग्णालयातही असेच घडले.

१८/
रोग अन्नाने बरा होतो हे दिसले. अन्नाने तो निर्माणही होतो का? १९१५ मध्ये मिसिसिपीचे गव्हर्नर अर्ल ब्रुअर यांच्या संमतीने रँकिन तुरुंगशेतीवर प्रयोग झाला. माफीच्या वचनावर निरोगी कैदी पुढे आले. त्यांना मक्याचे पदार्थ, पांढरा पाव, भात, रताळी, काकवी असा दक्षिणेतल्या गरिबाचाच आहार दिला गेला. पोटभर, पण दूध-मांसाविना. काही महिन्यांत ११ पैकी ६ जणांच्या अंगावर पेलाग्राचे चट्टे उमटले. कबूल केल्याप्रमाणे सर्वांना माफी मिळाली.

१९/
तुरुंगातल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज आपण विचारूच, आणि विचारायला हवा. त्या काळी मात्र आक्षेप वेगळाच आला : हा पेलाग्रा नव्हेच, किंवा कैद्यांना कुठून तरी जंतू लागला असेल. संसर्गवादी हटेनात. म्हणून आरंभी सांगितलेले ते प्रयोग झाले. सहकाऱ्यांनी त्यांना ‘घाणीच्या मेजवान्या’ असे नाव दिले. एकूण १६ स्वयंसेवक. गोल्डबर्गर यांची पत्नी मेरी हिनेही हट्टाने रुग्णाचे रक्त टोचून घेतले. एकालाही पेलाग्रा झाला नाही.

२०/
या कथेतला सर्वांत नाट्यमय भाग तो असला, तरी सर्वांत मोलाचा भाग त्याच वर्षी सुरू झालेली एक रुक्ष पाहणी आहे. अर्थशास्त्रज्ञ एडगर सायडेनस्ट्रिकर यांच्याबरोबर गोल्डबर्गर यांनी दक्षिण कॅरोलिनातील सात सूतगिरणी-वसाहती निवडल्या. दर पंधरवड्याला घरोघर जाऊन रुग्ण मोजायचे. कुटुंबाची कमाई किती, दुकानातून काय आणले, घरी गाय आहे का, परसात भाजी आहे का, हे सारे लिहून घ्यायचे. रोगाचा माग कुटुंबाच्या जमाखर्चातून काढण्याचे हे काम त्या काळात अपूर्व होते.

२१/
आकड्यांनी सरळ साक्ष दिली. कमाई जसजशी वाढे तसतसा पेलाग्रा घटे. सांडपाण्याच्या सोयीशी त्याचा संबंध जुळेना. तरुण विवाहित स्त्रियांत रोग पुरुषांहून कितीतरी अधिक, कारण घरात चार घास दूध-मांस आलेच तर ते कमावत्या पुरुषाच्या आणि लेकरांच्या पानात वाढले जाई. हे समजायला वाचकांना फार दूर जावे लागणार नाही.

२२/
आणखी एक निष्कर्ष अधिक सूक्ष्म होता. न्यूरी आणि इन्मन मिल्स या दोन वसाहतींत कुटुंबांची कमाई जवळपास सारखी. तरी न्यूरीत पेलाग्राचा एकही रुग्ण नाही, आणि इन्मनमध्ये पुष्कळ. न्यूरीच्या आसपासचे शेतकरी भाजीपाला, दूध, ताजे मांस दारी आणून विकत. इन्मनच्या भोवताली मात्र कापूसच कापूस. हातात पैसा असूनही बाजारात ताजे अन्न नाही. गरिबी घराची असते तशी प्रदेशाचीही असते.

२३/
१९२० मध्ये कापसाचा भाव कोसळला. गोल्डबर्गर यांनी १९२१ मध्ये इशारा दिला की पेलाग्रा वाढणार. अध्यक्ष हार्डिंग यांनी चिंता व्यक्त करताच दक्षिणेत संताप उसळला. दक्षिण कॅरोलिनाचे काँग्रेस सदस्य जेम्स बर्न्झ यांच्यासारख्या नेत्यांना ही बदनामी वाटली. आमच्याकडे उपासमार आहे असे म्हणणारा तू कोण? गुंतवणूकदार काय म्हणतील? मदत नाकारली गेली. रोग मात्र वाढला.

२४/
गोल्डबर्गर यांना ठाऊक होते की मजुरी वाढवणे किंवा जमिनीची वाटणी बदलणे डॉक्टरच्या हाती नाही. म्हणून ते स्वस्त उपायाकडे वळले. कुत्र्यांना निकस आहाराने होणारा ‘काळी जीभ’ हा रोग पेलाग्राचाच भाऊबंद, हे त्यांच्या ध्यानी आले. त्या कुत्र्यांवर एकेक पदार्थ तपासताना मद्यभट्टीतले वाळवलेले यीस्ट फार गुणकारी ठरले. १९२७ च्या मिसिसिपी महापुरानंतर रेडक्रॉसने ते पूरग्रस्तांत वाटले. एवढ्या क्षुल्लक भुकटीने रुग्ण उठून बसू लागले.

२५/
इथे ‘ब’ जीवनसत्त्वांच्या कुळाची थोडी ओळख हवी. १८९० च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन यांनी पाहिले की सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की सुधारतात. माणसांतील बेरीबेरीचे गूढ तिथून उकलू लागले. १९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना ‘व्हिटामिन’ हे नाव सुचवले आणि पेलाग्राही त्याच वर्गातला असावा असा तर्क केला. गोल्डबर्गर यांनी पुढे दाखवले की जोरदार तापवलेल्या यीस्टमधला बेरीबेरीरोधक गुण नष्ट होतो, पेलाग्रारोधक टिकतो. म्हणजे ‘ब’ हे एक द्रव्य नव्हे. ते कुटुंब आहे.

२६/
जानेवारी १९२९ मध्ये गोल्डबर्गर कर्करोगाने गेले. त्याच वर्षी जीवनसत्त्वांवरील कामासाठी आइकमन आणि हॉपकिन्स यांना नोबेल मिळाले. गोल्डबर्गर ज्याला ‘पेलाग्रारोधक घटक’ म्हणत तो हाती आला १९३७ मध्ये. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॉनराड एल्व्हेहेम यांनी निकोटिनिक आम्लाने कुत्र्यांची काळी जीभ बरी केली. लवकरच टॉम स्पाइस आदी डॉक्टरांनी माणसांवर ते वापरले आणि भ्रमिष्ट झालेले रुग्ण दोन-चार दिवसांत शुद्धीवर येऊ लागले.

२७/
यातला दैवदुर्विलास असा की निकोटिनिक आम्ल रसायनशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. खुद्द फुंक यांनी बेरीबेरीचे औषध शोधताना ते वेगळे काढले होते, पण त्याने बेरीबेरी बरी होईना म्हणून बाजूला ठेवले. पुढे तंबाखूतील निकोटिनशी घोटाळा नको म्हणून त्याला नायसिन हे नाव मिळाले. आपल्या पेशी नायसिनपासून जी सहद्रव्ये घडवतात त्यांच्याविना अन्नातली ऊर्जा मोकळी होत नाही आणि उन्हाने झालेली इजाही नीट भरून येत नाही. त्वचा, आतडी आणि मेंदू यांवर पहिला घाव पडतो तो त्यामुळे.

२८/
पण दुधात तर नायसिन अगदी थोडे, मग दुधाने रोगी बरे कसे झाले? १९४५ मध्ये एल्व्हेहेम यांच्याच प्रयोगशाळेतील क्रेल व सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर स्वतः नायसिन बनवते. सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे १ मिलिग्रॅम. दूध-अंड्यांत ते भरपूर. मक्यात नायसिन जखडलेले आणि ट्रिप्टोफॅन तुटपुंजे, असा दुहेरी दुष्काळ.

२९/
मग अमेरिकेतून पेलाग्रा गेला तो गोळीने का? पूर्णपणे नव्हे. मृत्यूंची संख्या १९३० च्या आसपासच उतरणीला लागली होती, नायसिन सापडण्याच्या कितीतरी आधी. कापसाची बोंडे पोखरणारा भुंगा जिथे जिथे पोहोचला तिथे शेतकऱ्यांना नाइलाजाने अन्नपिके घ्यावी लागली, आणि तिथे पेलाग्राचे मरण घटले. मंदीत कापसाचे क्षेत्र आक्रसले, परसबागा वाढल्या. १९४० च्या दशकात पावात आणि पिठात नायसिन मिसळण्याचे कायदे झाले आणि युद्धकाळात मजुरीही वाढली. १९०६ ते १९४० या काळात सुमारे ३० लाख लोकांना हा रोग झाला आणि १ लाख दगावले, असा अंदाज आहे.

३०/
आता आपल्या अंगणात येऊ. पेलाग्रा हा मक्याचाच रोग, असे जग मानत असताना दख्खनच्या पठारावर तो ज्वारी खाणाऱ्या गरिबांत दिसत होता. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी याचा पाठपुरावा केला. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असते आणि त्याने ट्रिप्टोफॅन-नायसिनचे गणित बिघडते, असा सिद्धांत त्यांनी १९६० मध्ये मांडला. त्यावर पुढे बराच वाद झाला. पण कमी ल्युसिनचे ज्वारीचे वाण शोधण्यापर्यंत हे काम गेले.

३१/
यावरून ज्वारीला दोषी ठरवण्याचे कारण नाही. भाकरीबरोबर पिठले, आमटी, शेंगदाण्याची चटणी, ताक असले की ताट पुरे होते. डाळ, बेसन आणि शेंगदाणा ज्वारीचे उणे भरून काढतात. प्रश्न त्या घराचा, जिथे भाकरी, मीठ आणि मिरची यांवरच महिनेच्या महिने निघतात. मेक्सिकोत मक्याशेजारी घेवडा होता, आपल्याकडे ज्वारीशेजारी डाळ. दोन्हीकडे गरिबी आली की आधी धान्याशेजारचा पदार्थ गेला.

३२/
हे सारे जुने झाले असेही नाही. १९८९-९० मध्ये मोझांबिकमधील युद्धामुळे मलावीत आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पेलाग्राची प्रचंड साथ उसळली. रुग्ण सुमारे १८ हजार. शिधा मिळत होता, त्यात मुख्य धान्य मका. त्यातून फक्त शेंगदाणे बंद झाले होते. नायसिन सापडून अर्धशतक उलटले होते, ते स्वस्त होते, आणि शेंगदाण्यात ते असते हे शिधा वाटणाऱ्यांच्या कोष्टकात छापलेलेही होते.

३३/
म्हणून पेलाग्राचा इतिहास हा केवळ एका जीवनसत्त्वाच्या शोधाचा इतिहास ठरत नाही. रोगाचा उपाय मेक्सिकोच्या चुलीवर तीन हजार वर्षे शिजत होता. कासाल यांनी १७३५ मध्ये ताट पाहिले, रुसेल यांनी शेतकऱ्याची स्थिती पाहिली, सायडेनस्ट्रिकर यांनी कुटुंबाची कमाई मोजली. रेणूचे नाव सर्वांत शेवटी कळले. ते कळल्यावर पिठात चिमूटभर नायसिन मिसळणे सोपे गेले, आणि त्याने असंख्य जीव वाचले, हे निर्विवाद.

३४/
परंतु गोल्डबर्गर आणि सायडेनस्ट्रिकर यांनी दाखवलेली दुसरी गोष्ट पिठात मिसळता येत नाही. माणूस काय खातो हे बहुतेक वेळा त्याच्या ज्ञानावर किंवा आळसावर अवलंबून नसते. त्याच्या शेतात काय पिकवण्याची मुभा आहे, हाती किती मजुरी पडते, जवळच्या बाजारात काय मिळते आणि घरात शेवटी कोण जेवते, यावर अवलंबून असते. कुपोषणाची आकडेवारी वाचताना एखाद्या जिल्ह्यात कोणता घटक कमी आहे एवढेच पाहू नये. त्या जिल्ह्यातली मजुरी आणि डाळीचा भावही शेजारच्या रकान्यात मांडून पाहावा. सात गिरणी-वसाहतींच्या त्या रुक्ष तक्त्यांनी शंभर वर्षांपूर्वी नेमके हेच केले होते.

(धागा समाप्त)